पोस्टकार्डाचा मजकूर, पाकिटाचा मजकूर

दूरच्या माणसाशी बोलण्याचे टपाल हेच मुख्य साधन होते त्या काळात मराठी घरांतून एक व्यवहारज्ञान कोणी न शिकवता अंगी मुरत असे. ‘सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी’ एवढेच कळवायचे असले तर पोस्टकार्ड पुरे. ते स्वस्त, पण उघडे. पोस्टमनपासून वाड्यातल्या शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. मुलीच्या स्थळाची बोलणी, भावाभावांतील वाटणी, आजारपणाचे खरे स्वरूप हे विषय आंतर्देशीय पत्रात किंवा बंद पाकिटात जात. आणि जमिनीचे कागद किंवा कोर्टाची नोटीस पाठवायची तर रजिस्टर टपालाला पर्याय नसे. तेथे पैसे अधिक पडत, खिडकीपाशी तिष्ठावे लागे आणि पावती जपून ठेवावी लागे. सोय, खासगीपणा आणि सुरक्षा या तिन्हींचे दर टपालखात्याने वेगवेगळे लावले होते. कोणत्या मजकुराला काय योग्य, हे ज्याचे तो ठरवीत असे.

रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि पोस्टकार्ड लिहिणारे हातही आता थोडेच उरले आहेत. त्या सर्वांची जागा खिशातल्या मोबाइल फोनने घेतली आहे. नातवाचे छायाचित्र, पगार जमा झाल्याचा संदेश, रक्ततपासणीचा अहवाल, घरपट्टीची पावती आणि बँकेची किल्ली ही सारी एकाच काचेवर, एकाच बोटाच्या अंतरावर असतात. पोस्टकार्ड, पाकीट आणि रजिस्टर एकाच पिशवीत कोंबल्यासारखी ही स्थिती आहे. साधन एक झाले म्हणून मजकूरही एकाच प्रतीचा वाटू लागला, आणि आजच्या बहुतेक फसवणुकींचे व मनस्तापांचे मूळ या गैरसमजात आहे.

दिसेनाशी झालेली निवड

पूर्वीची निवड आजही करता येते, पण ती डोळ्यांसमोर राहिलेली नाही. कोणतेही नवे ॲप फोनवर घेतले की ते संपर्कयादी, छायाचित्रे, ठावठिकाणा, ध्वनिमुद्रण अशा गोष्टींची परवानगी मागते. २०१५ पर्यंत अँड्रॉइड फोनवर या सर्व परवानग्या ॲप घेतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून त्या एकेक करून, गरजेच्या वेळी विचारल्या जाऊ लागल्या. सुधारणा मोठीच होती. परंतु हा प्रश्न नेमका अशा वेळी समोर येतो, की माणसाला दुसरेच काही काम घाईने उरकायचे असते. रिक्षा बोलावायची असते, तिकीट काढायचे असते, मुलाच्या शाळेची सूचना पाहायची असते. अशा वेळी ‘अनुमती द्या’ या शब्दांवर बोट पडते आणि निर्णय होऊन जातो. एकदा दिलेली ती परवानगी पुढे आपणहून आठवत कोणी बसत नाही.

शिवाय या सौद्यात एक विषमता आहे. सोय तत्काळ हाती पडते. तिची किंमत मात्र उशिराने, आणि पुष्कळदा भलत्याच माणसाला मोजावी लागते. संपर्कयादी देणारा एकटा असतो, पण त्या यादीत शेकडो नावे असतात आणि त्यांपैकी कोणालाही विचारलेले नसते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांच्या प्रकरणांत याचे क्रूर प्रत्यंतर आले. काही हजारांच्या कर्जासाठी फोनमधील यादी व छायाचित्रे या ॲपांना उघडी झाली, आणि हप्ता चुकताच कर्जदाराच्या नातेवाइकांना, वरिष्ठांना व ओळखीच्यांना धमक्यांचे व बदनामीचे संदेश जाऊ लागले. त्या छळाने काहींनी जीव दिला. अखेर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जव्यवहारासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढून कर्जाच्या ॲपांना संपर्कयादी, फोनमधील फायली आणि कॉलची नोंद यांना हात लावण्यास मनाई केली. परवानगीचे ते बटण दाबणाऱ्या माणसाला आपण कोणता मजकूर कोणाच्या हाती देत आहोत याची कल्पनाही नव्हती, हे विसरता कामा नये.

सोय ही क्षुल्लक गोष्ट नव्हे

असे असले तरी सोयीचा तिरस्कार करून भागणार नाही. शहाणपणाचा आव आणून ‘हे सारे टाकून द्या’ असे सांगणे सोपे असते. पण रांगेत उभे राहण्याचे कष्ट ज्यांना कधी पडले नाहीत, त्यांनाच ते परवडते. नोव्हेंबर महिना आला की हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेच्या पायऱ्या चढणारे निवृत्त शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. २०१६ साली आलेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पैशाचा व्यवहार सोपा केला आणि सुट्या पैशांची रोजची हुज्जत पुष्कळशी मिटवली. सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याची वाट न पाहता मिळू लागला, ही ग्रामीण भागात लहान गोष्ट नव्हे.

सुरक्षेचा अतिरेकही घातकच ठरतो. दर महिन्याला संकेतशब्द बदलण्याची सक्ती अनेक कचेऱ्यांत असते. तिचा परिणाम बहुधा असा होतो, की कर्मचारी संकेतशब्दाच्या शेवटी एक आकडा वाढवतो किंवा तो चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवतो. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शनात, काही गळती झाल्याचा पुरावा नसताना ठराविक मुदतीने संकेतशब्द बदलायला लावू नये, असे म्हटले ते याच अनुभवावरून. दुसरीकडे, घरातला कर्ता माणूस अचानक जातो आणि त्याचा फोन उघडण्याची खूण कोणालाच ठाऊक नसते. विम्याचे कागद, ठेवींची नोंद, गॅसजोडणीचा क्रमांक असे सारे त्या बंद फोनात अडकून पडते. कुलूप भक्कम असणे चांगले. पण किल्ली कोठे आहे हे घरात कोणालाच माहीत नसेल तर ते कुलूप घरच्यांवरच उलटते.

आणखी एक वस्तुस्थिती शहरी चर्चेत सहसा येत नाही. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. सुनेला आलेला संदेश सासरा वाचतो, आजीचा ओटीपी नातू सांगतो, मजुराच्या खात्याचा पिन दुकानदाराला पाठ असतो. अशा माणसाला ‘कोणालाही सांगू नका’ हा उपदेश निरुपयोगी असतो, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याचे काम होतच नाही. यंत्रणा रचणाऱ्यांनी ज्या सावध, इंग्रजी वाचणाऱ्या आणि स्वतःचा स्वतंत्र फोन बाळगणाऱ्या माणसाची कल्पना केलेली असते, तो या देशात सर्वत्र आढळणारा नागरिक नव्हे.

खासगीपणा हाच सुरक्षेचा पाया

‘लपवण्यासारखे काही नाही, मग भीती कसली?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खासगीपणा म्हणजे पापावरचे पांघरूण, अशी समजूत त्यामागे असते. परंतु घराला दार असते ते आत काही गैर चालते म्हणून नव्हे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला खासगीपणाची थोरवी परक्यांकडून शिकावी लागू नये.

येथे प्रश्न केवळ शालीनतेचाही नाही. फसवणूक करणाऱ्याचे भांडवल म्हणजे माहिती. ‘डिजिटल अटक’ या नावाने जो प्रकार गेल्या काही वर्षांत फोफावला, त्यात पोलीस किंवा तपासयंत्रणेचा अधिकारी असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, जखडून ठेवतात आणि भीतीने त्याची आयुष्यभराची बचत दुसऱ्या खात्यांत वळवून घेतात. भारतीय कायद्यात अशी अटक मुळी नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात याविषयी सावध केले होते आणि १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. बळी पडलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक अशी शिकलेली मंडळी होती. ती भोळी होती म्हणून फसली, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. अनोळखी आवाज जेव्हा आपले पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे किंवा मुलगा कोणत्या शहरात नोकरीला आहे हे बिनचूक सांगतो, तेव्हा शहाण्या माणसालाही तो आवाज अधिकाऱ्याचा वाटतो. ही माहिती कोठून तरी गळलेली असते. खासगीपणाची हानी आज झाली की सुरक्षेची हानी उद्या होते, असा हा क्रम आहे. म्हणून खासगीपणा आणि सुरक्षा यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मुळातच चुकीचे आहे.

मोबाइल क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. कधीकाळी तो केवळ निरोप देण्याचा पत्ता होता. आज बँक, आधार, प्राप्तिकर, विमा या सर्वांची ती एक किल्ली झाली आहे, कारण ओटीपी त्यावरच येतो. आणि हाच क्रमांक कापडाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या फाटकावरील वहीत बिनदिक्कत लिहून दिला जातो. बिलासाठी ग्राहकाच्या क्रमांकाचा हट्ट धरणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले होते. तरीही ‘नंबर सांगा’ हे शब्द गल्ल्यावर ऐकू येतात आणि ग्राहकही भिडेपोटी तो सांगतात.

अंगठ्याच्या ठशाची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. आजच्या फोनांत बोट टेकवून कुलूप उघडते तेव्हा त्या बोटाची खूण फोनच्या आतल्या एका सुरक्षित कप्प्यात राहते. ती कंपनीकडे पाठवली जात नाही. आधारच्या पद्धतीत हीच खूण मध्यवर्ती साठ्याशी ताडून पाहिली जाते. बोट एकच, पण रचना भिन्न, आणि धोकाही भिन्न. आधारवर आधारित बँकव्यवहारात ठशावर पैसे निघतात. नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रतिकृती करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे काही राज्यांत नोंदले गेले. चोरीला गेलेला संकेतशब्द बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. ठशांना कुलूप घालून ठेवण्याची आणि गरजेपुरते ते उघडण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिली आहे. परंतु ज्या वृद्धेच्या अंगठ्यावर पैसे निघतात, तिला या सोयीची वार्ता क्वचितच पोहोचलेली असते.

सावधगिरीचा भार कोणावर?

आजवरचा सर्व भर नागरिकाच्या सावधगिरीवर राहिला आहे. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य संदेशांतून, भिंतींवरून, फोनच्या घंटीऐवजी वाजणाऱ्या ध्वनिफितीतून सांगून झाले. उपदेश योग्यच आहे. तथापि माणूस दिवसातून पन्नास वेळा सावध राहतो आणि एकदा चुकतो. चोराला ती एक चूक पुरते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठा दिलासा दिला. ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार पडणार नाही, असे ठरले. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, असेही त्याच परिपत्रकाने ठरवले. भीती घालून काढून घेतलेला ओटीपी आणि बेफिकिरीने सांगितलेला ओटीपी यांत भेद कसा करायचा, हा प्रश्न ग्राहकाला मग एकट्यानेच झुंजवावा लागतो.

उपदेशाने जे साधत नाही ते रचनेतील बदलाने साधते, याचा अनुभव मात्र आता गाठीशी आहे. यूपीआयमध्ये एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवता येत असे. सोय म्हणून ती चांगली होती. पण जुने फर्निचर विकणाऱ्याला ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून ठक मंडळी त्याचेच पैसे काढून घेऊ लागली. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षे सांगूनही फसणारे फसतच राहिले. शेवटी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीव्यक्तींमधील ही मागणीची सोयच बंद केली. तसेच १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना व संकेतस्थळांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली. १ जुलै २०२४ पासून सिमकार्ड बदलल्यानंतर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येईनासा झाला. या तिन्ही निर्णयांत थोडी सोय हेतुपूर्वक सोडून दिलेली आहे, आणि ती सोडण्याचा निर्णय घाईतल्या ग्राहकावर टाकलेला नाही. ज्याला धोका दिसतो व जो तो टाळू शकतो, त्यानेच तो टाळावयाचा, हे तत्त्व त्यामागे आहे. समतोल साधण्याचा खरा मार्ग हाच होय. मोठी रक्कम प्रथमच अनोळखी खात्यात जाताना काही तासांची वाट, ज्येष्ठांच्या खात्याला त्यांनीच नेमलेल्या आप्ताची दुसरी संमती, अशा अडसरांचा विचार याच दिशेने व्हावयास हवा.

राज्यसंस्थेची सोय

सोयीचा मोह केवळ ग्राहकालाच असतो असे नाही. तो राज्यसंस्थेलाही असतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला, तेव्हा ज्याच्यापाशी ओळखीचा कागदच नाही अशा आदिवासी माणसाला ओळख मिळावी, हा हेतू होता. पुढे तोच क्रमांक बँकेत, सिमकार्डासाठी, ठिकठिकाणी मागितला जाऊ लागला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न त्यातूनच न्यायालयापुढे आला. १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तसा हक्क मान्य केला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, तो एकमताने मान्य केला. त्या हक्काला मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी त्या निकालातून पुढे आली. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, बँकखाते व सिमकार्ड आधारशी जोडण्याची सक्ती न्यायालयाने रद्द केली. पॅनशी जोडणी मात्र कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक वापराची वाट पुन्हा मोकळी झाली. परंतु जेथे खिडकीपलीकडचा कर्मचारी दुसरा कागद मान्यच करीत नाही, तेथे ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

प्रमाणाची ही कसोटी किती उपयोगाची आहे हे २०२५ च्या अखेरीस दिसून आले. चोरीचे फोन व बनावट जोडण्या रोखण्यासाठी ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनवर आधीच बसवलेले असावे, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबरअखेर उत्पादकांना दिला. हेतूबद्दल वाद नव्हता. मात्र नागरिकाच्या खिशातील यंत्रात त्याच्या संमतीवाचून सरकारी ॲप का, हा प्रश्न देशभर विचारला गेला आणि ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली. ज्याला उपयुक्त वाटेल तो ते स्वतः घेईल, ही भूमिका हेतू आणि हक्क या दोहोंना धरून आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडेही याच नजरेने पाहावयास हवे. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगावे, संमती मुक्त व नेमकी असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल, ही तरतूद मोलाची आहे. सुरक्षेत हयगय करणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा व्यापक अधिकार केंद्राने स्वतःकडे राखला आहे. याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही बदलले. व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती काढली गेली. लोकहिताची सर्वसाधारण तरतूद दुसऱ्या कलमात शिल्लक आहे, हे खरे. तरीही नागरिकाचा खासगीपणा राखण्याच्या कायद्याने सरकारी कारभारावर पडदा पडू लागला, तर ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आठवल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्याचे पत्र ज्यांच्या हाती आहे

या प्रश्नाची एक बाजू मात्र थेट शाळाखोल्यांत आणि कचेऱ्यांत येऊन ठेपते. शिक्षक आणि कारकून हे केवळ माहिती देणारे नाहीत. ते इतरांच्या माहितीचे राखणदारही आहेत. १८९८ च्या टपाल कायद्यात, कामावरील टपाल कर्मचाऱ्याने अधिकार नसता पत्र उघडले तर दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. पण पोस्टमनने पोस्टकार्डे वाचून गावभर केली नाहीत, ती मुख्यतः कायद्याच्या भीतीने नव्हे. आपल्या हाती दुसऱ्याचे पत्र आहे, ही जाण त्याच्या पेशाचा भाग होती.

आज वर्गातील साठ मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, आधार क्रमांक आणि पालकांचे फोन यांची यादी एका व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते, कारण वरून माहिती तातडीने मागितलेली असते. ती यादी त्या गटातील प्रत्येकाच्या फोनवर उतरते आणि तेथून पुढे तिचा हिशेब कोणापाशीच राहत नाही. झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाची फाइल पाठवली जाते, छापील प्रत हाती येते आणि फाइल मात्र त्या दुकानाच्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, आधारची प्रत कोणालाही देऊ नये, फक्त अखेरचे चार आकडे दिसतील अशी प्रत द्यावी, असे प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, गैरसमज होण्याचा संभव सांगून केंद्राने ते निवेदन मागे घेतले आणि नेहमीची काळजी घ्यावी असे म्हटले. नागरिक संभ्रमातच राहिला. पण आकडे झाकलेली ती प्रत आजही अधिकृत संकेतस्थळावरून कोणालाही काढता येते. ती स्वीकारायची की पूर्ण क्रमांकाचा हट्ट धरायचा, हे कित्येकदा खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या हाती असते. गरजेपेक्षा अधिक न मागणे आणि काम होताच मागितलेले पुसून टाकणे, एवढे दोन नियम प्रत्येक कचेरीने पाळले तरी पुष्कळ गळती थांबेल.

घरातली वर्गवारी

कायदा आणि रचना सुधारेपर्यंत घराला हात जोडून बसता येत नाही. तेथे जुनी टपालाची वर्गवारीच कामी येईल. गप्पा, सणाच्या शुभेच्छा, सहलीची छायाचित्रे हा पोस्टकार्डाचा मजकूर. त्याच्यासाठी फार कष्ट घेण्याचे कारण नाही. आजाराचे अहवाल, घरातील तंटे, मुलांचे वेळापत्रक व ठावठिकाणा हा पाकिटाचा मजकूर. तो मोठ्या गटांवर टाकू नये आणि तो वाचण्याची परवानगी कोणत्या ॲपांना दिली आहे हे अधूनमधून तपासावे. पैसा, ओळखपत्रे आणि ज्या ईमेल खात्यावर बाकीच्या किल्ल्या परत मिळतात ते खाते, हा रजिस्टरचा मजकूर. तेथे गैरसोय सोसलीच पाहिजे. दुसरीकडे कोठेही न वापरलेला संकेतशब्द, ओटीपीबरोबरचे दुसरे कुलूप, आणि रोजच्या यूपीआयसाठी थोड्या रकमेचे वेगळे खाते, एवढी शिस्त कोणत्याही घराला झेपण्यासारखी आहे.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती घरातली बोलणी. फोन कसा उघडतो, ठेवी कोठे आहेत, हे लिहिलेला कागद बंद पाकिटात कपाटात असावा आणि तो कोठे आहे हे निदान एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासाला कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ते गोठवता येतात. आणि फसलेल्या माणसाला घरच्यांनी मूर्ख ठरवू नये. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेल्या वडिलांचे पैसे सहसा परत येत नाहीत. पहिल्या तासात मुलाला फोन करणाऱ्याचे येण्याची आशा असते. तो फोन करण्याचे धैर्य त्यांना घरातूनच मिळावे लागते.